सकाळी आठचा ओव्हर

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या मनःस्वास्थ्यासाठी प्राणायामाची शिबिरं भरवण्याआधी सकाळी आठचा ओव्हर, म्हणजे जाणाऱ्या डॉक्टरने येणाऱ्याला पेशंट सोपवणं, बघावा. रात्रीचा डॉक्टर निघायच्या घाईत, सकाळचा नुकताच आलेला, आणि दोघांच्या मध्ये एमएलसीच्या (पोलीस केसच्या) कागदावर सही मागणारा पोलीस. इथे जे सुटतं, त्याचा त्रास आधी पेशंटला होतो आणि मग फोन करून झोपेतून उठवलेल्या डॉक्टरला.

‘पेशंट स्टेबल आहे’ हा ओव्हर नव्हे. सर्पदंशाचंच घ्या. पहाटे साडेचारला दहा व्हायल (कुप्या) एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध, सुरू केलं, तर रक्त गोठण्याची चाचणी परत करायची साडेदहाला, म्हणजे दुसऱ्याच डॉक्टरच्या ड्युटीत. हे सहा तास पाळायचे, कारण गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला यकृताला वेळ लागतो. आधीच चाचणी केली तर रक्त गोठलेलं नसणारच आणि व्हायल फुकट जातील. उशीर झाला तर रक्तस्राव चालूच राहील. म्हणून केसपेपरवर वेळ लिहायची: ‘10.30 ला चाचणी, गोठलं नाही तर पुन्हा डोस’. चाचणीसाठी काचेची कोरडी नळीही बाजूला काढून ठेवावी. साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही, आणि ती भानगड निस्तरायला रात्रीचा माणूस तिथे नसतो.

कीटकनाशक प्यायलेल्याचं याहून अवघड. फुफ्फुसं कोरडी होईपर्यंत विषावरचं औषध अ‍ॅट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेलं, मग एकूण डोसाच्या दहा ते वीस टक्के दर तासाला ड्रिपने लावलं. तो एकूण आकडा सांगितला नाही तर पुढच्याला ड्रिपचा वेग कशावरून ठरला हेच कळत नाही. शिवाय ‘ताप आला, बडबड सुरू झाली आणि पोटाचे आवाज बंद झाले तर ड्रिप थांबव, ही लक्षणं उतरली की कमी वेगाने सुरू कर’ असं ‘तर’ लावून सांगावं. नाहीतर जास्त झालेल्या औषधाचा तोच ताप इन्फेक्शन म्हणून बघितला जातो.

अमेरिकेत यासाठी ‘आय-पास’ ही पद्धत आहे: पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकिगत, राहिलेली कामं, काय बिघडू शकतं आणि तेव्हा काय करायचं, शेवटी ऐकणाऱ्याने सगळं परत बोलून दाखवणं. नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत ती वापरल्यावर चुका 23 टक्क्यांनी घटल्या, असं 2014 साली प्रसिद्ध झालं. ते वॉर्ड होते. कॅज्युअल्टीत पाचही भाग प्रत्येकासाठी बोलायला वेळ नसतो. लाल (गंभीर) पेशंटचा ओव्हर पूर्ण, बेडजवळ, सिस्टरना सोबत घेऊन; हिरव्यांचं (किरकोळ तक्रारींचं) एकेक वाक्य पुरे. परत बोलून दाखवायचा भाग मात्र कधीच गाळू नये. सगळ्यात आधी तोच गाळला जातो, कारण सीनिअरसमोर ते पोरकट वाटतं.

आता वेळापत्रक. तीन डॉक्टर असतील तर तिघांना एकदम आठला बदलू नका. सात, आठ, नऊ असं सरकवा. शेवटच्या तासात जाणाऱ्याने नवे पेशंट घ्यायचे नाहीत, हातातले अ‍ॅडमिट किंवा डिस्चार्ज करायचे. ग्रामीण रुग्णालयात एकच मेडिकल ऑफिसर असतो. तिथे निदान पंधरा मिनिटं नोंदणी खिडकीवरच्या साध्या तक्रारी थांबवता येतात. ड्युट्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकाव्यात, उलट नाही; शरीराला लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं सोपं जातं. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राच्या 1992 च्या निर्देशात आठवड्याला 48 तास होते, एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) कृतिदलाने 2024 मध्ये 74 सुचवले. प्रत्यक्षातले तास सगळ्यांना माहीत आहेत.

रात्री शक्य असेल तेव्हा वीस मिनिटांची डुलकी, अलार्म लावून. जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं आणि तेवढ्यात डोस चुकतो. शेवटची कॉफी तीनच्या आत, कारण तिचा निम्मा अंमल पाच तासांनीही उरतो. सकाळी डोळे मिटत असतील तर दुचाकी स्टँडवरच राहू द्या आणि रिक्षा करा.