ओळ 14 चा चोर सापडला

आज 27 जानेवारी. शरदचं, म्हणजे आमच्या काळ्या द्राक्षाच्या वाणाचं, ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) 16.8 आलंय, तोडणीला अजून दहा-बारा दिवस आहेत. आणि ज्याने गेले अकरा दिवस मला नीट झोपू दिलं नाही, तो अखेर या डोळ्यांनी पाहिला. तो पक्षी नाही. ओळ 14 मधले मणी गायब होतात म्हणून मागच्या नोंदीत मी बुलबुलांवर ठपका ठेवला होता, तो चुकीचा होता.

क्रमाने सांगतो. दिंडोरीचं आमचं 20 गुंठे तुम्हाला माहीत आहेच: वाय (Y आकाराचा मांडव), 14 ओळी, दीडशे फुटांची एक ओळ. 1 ते 10 थॉम्पसन (हिरवी द्राक्षं), 11 ते 14 शरद. फळछाटणी 8 ऑक्टोबरची. 26 डिसेंबरला शरदच्या मण्यांत पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून रंग फिरायला लागला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी लालबुड्या बुलबुलांची जोडी तारेवर हजर. काळ्या वाणाचं हे दरवर्षीचंच. थॉम्पसन शेजारी असताना पक्षी तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, रंग फिरलेला मणी आधी. (शरद सीडलेस ज्यांनी निवडून काढली ते नानासाहेब काळे सोलापूरजवळच्या नान्नजचे, आणि नान्नज म्हणजे माळढोकचं अभयारण्य. द्राक्षाचं आणि पाखरांचं नातं या वाणाच्या गावापासूनच आहे, हे मला फार आवडतं.)

पाखरं पळवायच्या चमकी फितीबद्दल पुष्कळांनी विचारलं होतं. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चंदेरी, पीळ देऊन बांधली की वाऱ्यावर घुमते. माझा अनुभव: पहिले चार दिवस उत्तम, पाचव्या दिवशी साळुंक्या त्याच तारेवर बसून पिसं साफ करत होत्या. जागा बदलली की आणखी दोन दिवस मिळतात. शेजारच्या काकांची कार्बाइडची बंदूक दिवसभर वाजते, तिने पाखरं त्यांच्या बागेतून उठतात आणि आमच्यात येतात. मला ती बंदूक पटत नाही. आवाजाचा त्रास माणसांना आणि गोठ्यातल्या गुरांना होतो, बुलबुल मात्र दहा मिनिटांत परत येतो. भोरड्यांचा थवा यंदा दोनदाच वरून गेला, उतरला नाही.

म्हणजे जाळीच. आणि जाळीतली माझी पहिली निवड चुकली, ती सांगितलीच पाहिजे.

2 जानेवारीला मी एकधागी नायलॉनची जाळी टाकली. पातळ, जवळपास न दिसणारी, स्वस्त. दुकानात सांगितलं छिद्र 10 मिमी, घरी ताणून मोजलं तर 22 भरलं. पातळ आहे तर वेलीवर ओझं होणार नाही, एवढाच विचार करून ठेवून घेतली. 5 तारखेला पहाटे आबांची हाक आली, “अरे, लवकर ये, कात्री घेऊन ये.” ओळ 12 ला पिंगळा अडकला होता. उलटा लटकलेला, एक पंख पूर्ण उघडा, धागा पंखाच्या मुळाशी आणि नखांत गुंतलेला. आईने पदराने त्याचं डोकं झाकलं तसा तो एकदम शांत झाला. मी नखं कापायच्या कात्रीने एक एक धागा तोडत गेलो. धागा पिसांत इतका रुतला होता की दिसत नव्हता, बोटाने चाचपून शोधावा लागत होता. पाऊण तास गेला. सुटल्यावर तो बांधावर बसला, आमच्याकडे वळून पिवळ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मग उडाला. पंख शाबूत होता. हाच पिंगळा वर्षभर आमच्या बांधावरचे उंदीर उचलतो. त्या सकाळीच चारही ओळींवरची जाळी उतरवली.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 2021 पासून नियम आहे: घरच्या फळझाडांवरच्या जाळीचं छिद्र पूर्ण ताणल्यावरही 5 मिमीपेक्षा मोठं चालत नाही. तिथले लोक सोपी पारख सांगतात, जाळीतून बोट जायला नको. हे मी आधी पाळलं असतं तर पिंगळ्याची ती पहाट टळली असती. नवी जाळी विणलेली, पांढरी, उन्हाला टिकणारी, आणि करंगळीचं टोकसुद्धा जात नाही अशी घेतली. पांढरी मुद्दाम, पाखरांना दुरून दिसते आणि ती धडकत नाहीत. चार मीटर रुंद, 50 मीटरचा रोल, दर ओळीला एक. महाग आहे, पण पाच-सहा हंगाम चालेल, आणि वायच्या डोक्यावरून टाकली की दोन्ही बाजूंनी घडांच्या खाली येते. खालच्या दोन्ही कडा एकत्र आणून कपड्याच्या चिमट्यांनी बंद करायच्या. लाकडी चिमटे घ्या. प्लास्टिकचे उन्हात महिनाभरात तडकतात.

11 तारखेला जाळी पूर्ण झाली. 12 ते 15, खूण केलेल्या 40 घडांपैकी एकाही घडात नवा टोचलेला मणी नाही. प्रत्येक ओळीत दहा घडांना लाल लोकर बांधली आहे आणि रोज सकाळी, आणि आता संध्याकाळीही, मणी मोजतो. चार दिवस शून्य! चष्मेवाला या चिमुकल्या पाखरांचा घोळका जाळीवरून सरकत गेला, आत एकही नाही. त्या चार दिवसांत मी संध्याकाळी नुसता बागेत फिरायचो.

16 ला सकाळी ओळ 14 मध्ये सहा मणी गायब. 17 ला अकरा. 18 ला चौदा. ओळ 11, 12, 13 मध्ये शून्य.

इथून पुढचं सगळं फक्त ओळ 14 चं.

पहिला संशय बुलबुलावर गेला, कारण सवय. पण खुणा जुळत नव्हत्या. बुलबुल आणि साळुंकी टोचतात, अर्धवट मणी घडातच राहतो, त्यावर गांधीलमाश्या येतात, दोन दिवसांत घडाला आंबूस वास सुटतो. इथे तसं काहीच नव्हतं. मणी अख्खा गेलेला आणि देठाच्या टोकाला ओला, तंतूंचा छोटासा झुपका उरलेला. मणी ओढून काढल्यावर जसा राहतो तसा. पोपट म्हणावा तर तो देठच कापतो. उंदीर म्हणावा तर खाली सालं नाहीत, लेंड्या नाहीत. शिवाय संध्याकाळी मोजलेले मणी सकाळी कमी, दिवसभरात एकही कमी होत नाही. म्हणजे रात्री. हे लक्षात यायला मला चार दिवस लागले, कारण सुरुवातीला मी फक्त सकाळी मोजत होतो. जो कोणी मोजणी करतोय त्याला माझं सांगणं: दिवसातून दोनदा मोजा. नुसती सकाळची मोजणी दिवस आणि रात्र एकत्र करून टाकते.

22 ला आई बांधावरच्या आंब्याखाली लाकडं गोळा करत होती. तिथून तिने ओंजळभर काहीतरी आणून माझ्यापुढे धरलं. जांभळट, चपट्या, नखाएवढ्या चकत्या. चावून, रस पिऊन, दाबून थुंकलेला चोथा. काही वाळलेल्या, काही अजून ओल्या, आणि ओल्यांना शरदचाच वास. “हे पाखराचं नाही रे,” आई म्हणाली, “पाखरू चोथा थुंकत नाही.”

23 च्या रात्री मी ओळ 14 च्या टोकाला पोत्यावर बसलो, टॉर्चला लाल कागद लावून. थंडी कडक होती. आठला दहा कमी असताना पहिलं आलं. आवाज जवळजवळ नाहीच, फक्त हवा हलल्यासारखं वाटलं. ते शेवटच्या अँगलपाशी (मांडव पेलणारा लोखंडी खांब) जाळीला येऊन चिकटलं, पंख मिटले, आणि ताणाच्या तारेला धरून अंगठ्याच्या नखाने एक एक पाऊल वर सरकलं. तोंड एखाद्या छोट्या कुत्र्यासारखं, कानांना फिकट कडा, मोठे डोळे लाल उजेडात चमकत होते. तारेपाशी जाळीला तीन बोटांची फट होती, तिच्यातून ते आत गेलं. काही सेकंदांत बाहेर आलं तेव्हा तोंडात एक मणी. थेट आंब्यावर. आणि मग त्या अंधारात पानांवर ‘टप्प’ असा आवाज ऐकू आला. चोथा पडला होता. नऊपर्यंत मी सतरा खेपा मोजल्या, बहुतेक दोनच वटवाघळं.

सगळं एका क्षणात उलगडलं. ही फळखाऊ वटवाघळं फळ शोधतात ती वासाने आणि नजरेने. म्हणूनच ती 15 ब्रिक्सच्या पुढे आली, वास सुटल्यावर. आणि येतात ती रात्री, म्हणून चमकी फीत त्यांच्यावर चालत नाही. फळ जागेवर न खाता जवळच्या झाडावर नेऊन खायचं ही त्यांची रीत, म्हणून आंब्याच्या कडेची ओळ आधी. आणि पाखरं वरून येतात, ती फट त्यांना कधी दिसलीच नाही. खालून, तारेला धरून चढणाऱ्यालाच ती सापडते.

त्यांना हाकलायचा किंवा आंब्याला हात लावायचा विचार मी करणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत उपद्रवी ठरवली होती, 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली, आणि ते योग्यच झालं. बांधावरची निम्मी झाडं त्यांनीच पेरलेली असतील. मात्र एक पथ्य कडक पाळा: वटवाघळाने हात लावलेला घड खायचा नाही, विकायचा नाही, गुरांनाही घालायचा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतून 2020 मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. ओळ 14 चे असे घड मी हातमोजे घालून काढले आणि खोल पुरले. चोथा उचललेले आईचे हात त्याच संध्याकाळी साबणाने दोनदा धुवायला लावले.

आता फट. ही तीन बोटांची फट बंद करणं एवढं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. शेवटचा अँगल, त्याला पाच फुटांवर बांधलेली ताणाची तार, ती तिरकी चार फूट पुढच्या दगडाला. जाळी पोत्याच्या तोंडासारखी अँगलभोवती आवळली की तार तिला बाहेर ढकलते आणि तिकोनी भोक उरतं. सुतळीने आवळलं, तर वाऱ्याने सकाळपर्यंत सैल. गोणपाट गुंडाळलं, तर दवाने जड होऊन खाली घसरलं. शेवटी 24 ला आईने तिची जुनी सुती साडी फाडली आणि तारेभोवती बाही शिवावी तशी शिवली. एक तोंड जाळीला टाचलं, दुसरं तारेला घट्ट बांधलं. ओळीच्या दोन्ही टोकांना. 25 ला सकाळी ओळ 14 शून्य. 26 ला शून्य. आज शून्य. ती बाही बघून आबा म्हणाले, “ब्लाउजच शिवला की गं बागेला,” आणि आई दिवसभर खुशीत होती.

पण आज सकाळी ओळ 13 मध्ये सात मणी गेले. साहजिक आहे, एक दार लागलं तर ती शेजारचं चाचपणार. उरलेल्या तीन ओळींची सहा टोकं, एकेका बाहीला दीड तास, आणि साड्या तरी किती फाडायच्या? शिवाय तोडणीच्या वेळी बाही उसवावी लागणार. आज रात्री ओळ 13 ला बाही शिवून उद्या 12 घ्यायची, असा बेत होता.

आणि हे वरचं लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. भांडण तारेशी का करायचं? तार जाळीच्या आतच घेतली तर? जाळी अँगलपाशी न आवळता तशीच पुढे न्यायची, शंकूसारखी निमुळती करायची आणि थेट दगडाजवळ आवळायची. तिथे अँगल नाही, वायचे हात नाहीत, एकटी तार आहे. एकट्या तारेभोवती गाठ घट्ट बसतेच. तिरक्या तारेची लांबी मोजून आलो: साडेसहा फुटांना थोडी कमी.

50 मीटर म्हणजे 164 फूट. ओळ 150. दोन्ही टोकांना हातभर सोडून मी जानेवारीत जादाची जाळी कापून टाकली होती. अकरा-अकरा फुटांचे चार तुकडे पंपाच्या खोलीत घडी करून पडलेत. मधोमध कापले की दर टोकाला साडेपाच फूट आणि सोडलेली हातभर. बरोबर पुरतं! न कापता टाकली असती तर शिवायचंही काम नव्हतं, म्हणून नवीन रोल टाकणाऱ्यांनी टोकं अजिबात कापू नका.

आई दाभण आणि नायलॉनचा दोरा घेऊन बसलीय, पहिला तुकडा ओळ 13 चा, आंब्याकडच्या टोकाचा. साडेसहाला अंधार पडेल, त्याच्या आत एक टोक तरी लागलं पाहिजे. रात्री पुन्हा पोत्यावर बसणार आहे, लाल कागद बदललाय. सकाळची मोजणी पुढच्या नोंदीत.