पाणी तुटत नाही

सकाळी आठला भट्टीचं दार उघडलं. चीनमधल्या जिंगदेझन या पोर्सेलिनच्या, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या शहरात माझ्यासारखे भाड्याच्या बाकावर काम करणारे बरेच जण सार्वजनिक गॅसभट्टीत फळीभर जागा विकत घेतात. माझ्या फळीवर बारा गोंगदाओबेई होते. नाव भारदस्त, वस्तू साधी: ओठ ओढलेला छोटासा जग. गायवानमध्ये, म्हणजे झाकणाच्या वाडग्यात, उतरलेला चहा आधी सगळाच्या सगळा यात ओततात आणि मग यातून पेल्यांत. पहिल्याला फिका, शेवटच्याला कडू असा पंक्तिप्रपंच नको, म्हणून हा ‘न्यायाचा पेला’.

बारापैकी एकही वाकला नव्हता. १३०० अंशांच्या आसपास पोर्सेलिन मऊ पडतं, भांडं साधारण सहाव्या हिश्शाने आटतं. त्यातून सरळ बाहेर येणं हीच कमाई. मी हरखून खोका उचलला आणि चहाचं दुकान गाठलं.

मालकीणबाईंनी कौतुकबिवतुक केलं नाही. उकळतं पाणी जगात भरलं, ओतलं आणि मनगट झटकन वर घेतलं. एक थेंब ओठाखाली वळला, जगाच्या पोटावरून ओघळत बुडाशी येऊन थांबला. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही. दरवेळी त्या फडक्याने टेबल पुसायच्या आणि जग डावीकडे सरकवायच्या. उजवीकडे शेवटी दोनच उरले. “दुआन श्वेइ नाही,” एवढंच म्हणाल्या. पाणी तुटत नाही.

दहा जग परत घेऊन मी शिफूंकडे गेले. शिफू म्हणजे आमचे उस्ताद. ते आयुष्यभर फक्त तासतात, चाकावर बसत नाहीत. तिथे चाकावरचा वेगळा, तासणारा वेगळा, झिलई चढवणारा वेगळा. एका भांड्याला बहात्तर हात लागतात, असं १६३७ च्या एका चिनी ग्रंथात लिहिलंय. मी मात्र जे.जे.त शिकल्यापासून ‘सगळं एकटीनं करते’ याचा तोरा मिरवत आले होते.

शिफूंनी ओठाखालून नुसतं नख फिरवलं. मी कच्चे असतानाच ते ओठ ओल्या स्पंजने गोल, गुळगुळीत केले होते. वर झिलई वितळून तिथेच जाड मणी झाला होता. पाण्याला सुटायला कडाच नव्हती, मग ते ओठाला धरून खाली वळणारच. पास झालेल्या दोघांवर झिलईत बुडवताना माझा अंगठा नेमका ओठाखाली आला होता. झिलई पुसली जाऊन कड उरली होती. तो डाग दिसू नये म्हणून मी ते दोन्ही खोक्यात तळाशी ठेवले होते!

मराठीत धार पाण्याचीही असते आणि सुरीचीही. हे मला चीनमध्ये, तेही दहा जग वाया घालवून कळावं?

शिफूंनी एक वाळलेला कच्चा जग डाव्या हातात धरला, बोटाने टिचकी मारून जाडी ऐकली आणि ओठाच्या खालून तासायला लागले. रांगोळीसारखी पूड त्यांच्या मांडीवर पडत होती.

“आणि भाजलेल्या दहांचं काय?” मी विचारलं.

“फुलं ठेव त्यात.”

पुढचा जग मी घेतला आणि माझी सुरी काढली. त्यांनी ती अंगठ्यावर टेकवून बघितली, बाजूला ठेवली आणि माझ्याकडे कानस सरकवली. दुपारपर्यंत मी तेवढंच केलं.