रोबो व्हॅक्यूम अर्ध्यात दम तोडायचा, बॅटरी बदलायच्या आधी काय काय बघितलं

आमचा रोबो व्हॅक्यूम आधी एका चार्जिंगमध्ये टू बीएचके उरकून स्वतःहून डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडवर, जाऊन बसायचा. वॉरंटी संपली आणि साहेबांनी रंग दाखवायला सुरुवात केली, हॉल अर्धा झाला की लो बॅटरी, आणि जिथून फिरला तिथेही कचरा तसाच. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर मशीन न बघताच म्हणाले बॅटरी गेली, नाहीतर एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या. बरं!

मला एकच खटकत होतं. बॅटरी थकली तर वेळ कमी होईल, पण कचरा का सोडेल? म्हणून उलटा करून मेन ब्रश काढला. वरून स्वच्छ दिसत होता, पण टोकाचं झाकण ओढलं तर आत बेअरिंगभोवती केस वातीसारखे घट्ट वळलेले. घरात सगळ्यांचे केस लांब, त्यात तेल, म्हणजे धूळ पण चिकटणारच. ब्रश अडला की मोटर जास्त करंट खेचते, बॅटरी लवकर उतरते आणि ब्रश हळू फिरतो म्हणून कचराही उचलत नाही, एकाच दुखण्याची दोन लक्षणं. पुढच्या छोट्या चाकातही तेच. फिल्टर बारीक धुळीने गच्च झालेला, आमचा धुता येतो, पण धुतल्यावर चांगला दिवसभर वाळवायचा, ओला बसवला की धुळीचा चिखल होतो. कागदी असेल तर धुऊ नका, नुसता झटका.

एवढ्यावर कचरा नीट उचलायला लागला, पण चार्ज काही पुरेना. डॉकवरचे आणि मशीनखालचे चार्जिंगचे पत्रे काळे पडले होते, रोज फरशी पुसताना पाणी उडतं ना. प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. थोडा फरक पडला, फार नाही.

मग व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर काढला. यात चार लिथियम सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात, फुल चार्जला १६.८ व्होल्टच्या आसपास यायला हवं. तेवढं येत होतं, पण नुसतं तेवढं बघून फसू नका, थोडा वेळ चालवून परत मोजलं तर धाडकन खाली. म्हणजे बॅटरी खरंच गेली होती, फक्त सगळा दोष तिचा नव्हता. नवीन लिथियम बॅटरी घेताना १४.४ व्होल्ट की १४.८ व्होल्ट यात अडकू नका, लिथियममध्ये दोन्ही चार सेलवालेच, कनेक्टर आणि आकार मात्र जुळवून बघा. जुनी ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत टाकू नका, लिथियम दाबलं गेलं तर पेट घेतं.

आता घर पूर्ण होतं. फक्त काळ्या पायपुसणीवर अजून थबकतो, खालचे सेन्सर इन्फ्रारेडवाले, काळ्यावरून प्रकाश परत येत नाही म्हणून त्याला वाटतं पुढे जिना आहे. काहीजण सेन्सरवर टेप लावतात, पण आमच्याकडे पायरी आहे, त्यामुळे आम्ही आपली पायपुसणीच उचलतो.