पटाचा बैल अन् घोड्यांचा चित्रकार

आज तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिला. जोडी सुटली अन् डोळ्याचं पातं लवेस्तोवर पार! नंतर एका बैलाजवळ बराच वेळ उभा राहिलो. पुठ्ठ्यावरची कातडी अजून थरथरत होती, मानेची शीर दोरासारखी तटतटलेली, नाकपुडीच्या कडेला ओली माती. मालक त्याचं कपाळ चोळत होता.

मला इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज आठवला. 1724 साली लिव्हरपूलला जन्मलेला, कातडं कमावणाऱ्याचा पोरगा. शर्यतीचे घोडे, जॉकी, शिकारी कुत्रे रंगवून नावाला आला. पण त्याआधी लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी जवळपास दीड वर्ष त्यानं मेलेले घोडे टांगून, एकेक थर सोलत स्नायू, शिरा, हाडं कागदावर उतरवली. मदतीला त्याची जोडीदारीण मेरी स्पेन्सर. काय तो वास असेल, काय ती चिकाटी! छपाईच्या प्लेटाही स्वतःच कोरल्या, 1766 ला पुस्तक आलं. व्हिसलजॅकेट नावाच्या घोड्याचं त्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जवळपास खऱ्या घोड्याएवढं. मागं झाड नाही, आभाळ नाही, स्वारही नाही. मालकाच्या थाटापेक्षा जनावराचं अंग मोठं मानणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

आपल्या पटाचे व्हिडिओ ढिगानं निघतात, पण बैल असा निरखून कोण रंगवते? आपल्या मातीतल्या जनावराचं हे देणं राहिलंच आहे.

उद्या ड्रॉइंगच्या तासाला पोरांना कागद-कोळसा घेऊन गोठ्यात नेतो. आधी खांदा अन् वशिंड काढायचं, शिंगं शेवटी.