इळ्यावानी

दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीचा वर्ग अर्धाच भरतो. धानकापणी सुरू असते. त्या दिवशी सतराजण होते आणि लाइट गेलेली. आरशाचे जुने मायक्रोस्कोप खिडकीशी ओढले.

पेशीशास्त्र मी कॅन्सर-संशोधक कमल रणदिवेंपासून सुरू करते. 1917 साली पुण्यात जन्म, मुंबईत खानोलकरांकडे पीएचडी, मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी जगवायचं शिक्षण. (गाय म्हटलं की वर्ग हसतो, दर वर्षी.) परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशी काचेत वाढवायची प्रयोगशाळा उभारली. आम्ही मात्र कांद्याचं मूळ रंगात मारून बघतो. म्हटलं, आज जिवंत काहीतरी दाखवू.

सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, हा शब्द इथं सगळ्यांच्या कानावरचा. पोरांच्या बोटाला सुई लावायची नाही, हा माझा नियम. कुणाचा निकाल वर्गासमोर फुटायला नको. माझंच बोट टोचलं. ऑक्सिजन ओढून घेणारं ताजं सोडियम मेटाबायसल्फाइट, रक्ताचा थेंब, कव्हरस्लिप, कडेनं व्हॅसलीन. ऑक्सिजन तुटला की सिकलच्या पेशी वाकतात. माझ्या वाकणार नाहीत, तेवढंच दाखवायचं होतं. अर्ध्या तासानं बघितलं, सगळ्या गोल. फळ्यावर 'निगेटिव्ह' लिहूनही टाकलं.

दोन तासांनी सामान आवरताना एक पोरगी डोळा लावून थांबली. सकाळी धान कापून आलेली, बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"मॅडम, हे तं इळ्यावानी दिसून राह्यले जी."

मी वाकले. काहींना टोकं फुटलेली, काही अगदी विळ्यासारख्या. स्लाइड सरकवली. दुसऱ्या कोपऱ्यातही त्याच. वाहकाच्या, म्हणजे सिकलचं एकच जनुक असलेल्याच्या, पेशी वाकायला कधी कधी तासन्‌तास लागतात, हे मीच शिकवते.

पुढं माझ्या हिमोग्लोबिनच्या पक्क्या तपासणीचा, इलेक्ट्रोफोरेसिसचा, कागद आला: एएस. वाहक. वय 36, एक लेक. बाळंतपणातही ही तपासणी झालीच नव्हती. नवराही वाहक असता तर लेकीला आजार असण्याची शक्यता चारात एक. त्याचा कागद येईपर्यंतच्या नऊ दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. तो एए निघाला, म्हणजे वाहक नाही.

आईला सांगायला माहेरी गेले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या लहान मामाचे थंडीत सांधे धरायचे. डोळे पिवळे व्हायचे. आम्ही वात म्हणून तेल चोळत राहिलो."

मामा सोळाव्या वर्षी गेला होता.