तेवातची रोजकीर्द : सोलापूरहून सहाव्या महिन्याची नोंद

मंडळी, इनाझुमा लिहून संपलं. गेन्शिन इम्पॅक्ट या ऑनलाइन व्हिडिओ गेमची कथा (त्यातल्या जगाचं नाव तेवात) मराठीत नोंदवायला घेतली त्याला सहा महिने झाले. मॉन्डस्टाट, लियुए आणि इनाझुमा हे त्यातले प्रदेश मुख्य कथेपुरते पूर्ण आहेत, सुमेरू निम्मं झालंय. या महिन्यात मात्र पुढे जायचं सोडून आम्ही बराच वेळ मागे फिरलो. त्याचं कारण सविस्तर सांगण्यासारखं आहे.

आधी नव्यांसाठी थोडक्यात. आम्ही तिघं. मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहिते. मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलते आणि मराठी माझ्यापेक्षा नेटकी लिहिते. तिसरा माझा मामेभाऊ, डिप्लोमाला आहे, त्याने खेळ यंदाच सुरू केला. रविवारी दुपारी मैत्रिणीकडे बसतो. तिच्या शेजारच्या घरातले माग त्या दिवशी बंद असतात, त्यामुळे डायलॉग नीट ऐकू येतात.

पद्धत मी माझ्या कामातूनच उचलली : एक रोजकीर्द आणि एक खतावणी. रोजकीर्दीत त्या दिवशी पडद्यावर जे दिसलं तेवढंच जातं. क्वेस्टचं (कथेतल्या कामगिरीचं) नाव, व्हर्जन (खेळाची आवृत्ती), तारीख, कुणाचं अकाउंट, कोण काय बोललं, उत्तराचे पर्याय कोणते होते. तिथे अर्थ लावायचा नाही. खतावणीत तेच सगळं पात्रवार आणि प्रदेशवार लागतं, आणि प्रत्येक विधानापुढे रोजकीर्दीचं पान असतं. पान दाखवता येत नसेल, तर ते विधान तिसऱ्या वहीत, ‘अंदाज’ या नावाखाली. अंदाजांना मी कमी लेखत नाही, आमच्या गप्पा सगळ्यात जास्त रंगतात त्या तिथेच. पण अंदाज एकदा कथेच्या ओळीत मिसळला की वर्षभराने आपल्यालाच वाटायला लागतं, हे खेळातच होतं.

या महिन्यात एक नुकसान झालं. मोबाईल बदलताना जुने स्क्रीनशॉट संगणकावर उतरवले आणि सगळ्या फायलींवर त्याच दिवसाची तारीख पडली. कोणतं चित्र कोणत्या व्हर्जनचं, हे चित्रातल्या खाणाखुणांवरून शोधत बसावं लागलं, आणि बरीचशी चित्रं अजून ‘तारीख अनिश्चित’ या खोक्यातच आहेत. तेव्हापासून फायलीच्या नावातच आधी तारीख, मग व्हर्जन, मग क्वेस्ट असं लिहितो. आणखी एक : खाली उजव्या कोपऱ्यात आपला यूआयडी, म्हणजे अकाउंटचा क्रमांक, दिसत असतो. चित्र दुसऱ्याला देण्याआधी तो झाका. मूळ प्रत मात्र न कापता ठेवा.

आता मुख्य गोष्ट.

सुमेरूच्या कथेत इर्मिन्सुल नावाचं झाड आहे, जगाची सगळी स्मृती साठवणारं. 3.3 व्हर्जनमध्ये, म्हणजे डिसेंबर 2022 मध्ये, स्कॅरामूश हे पात्र त्या झाडात शिरून स्वतःलाच इतिहासातून पुसतं. (ज्यांनी इथवर खेळलेलं नाही त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडावेत.) घडलेल्या घटना टळत नाहीत. माणसं मेली ती मेलीच, घराणी बुडाली ती बुडालीच. फक्त त्यामागे हा होता, हे कुणालाच आठवत नाही, आणि लोक त्याच घटनांना दुसरीच कारणं सांगू लागतात. आपल्याला (म्हणजे आपण खेळतो त्या प्रवाशाला) आठवतं, कारण आपण त्या जगाबाहेरून आलेलो.

इथपर्यंत ती कथा झाली. पण खेळ बनवणाऱ्यांनी ते खेळाच्या मजकुरातही उतरवलंय. ही क्वेस्ट पूर्ण केली की त्या अकाउंटवर इतर पात्रांचे त्याच्याविषयीचे बोल बदलतात, काही ठिकाणचा जुना मजकूर जाऊन नवा येतो. माझ्या आणि मैत्रिणीच्या अकाउंटवर ती क्वेस्ट केव्हाच झालेली, म्हणजे आमच्याकडे फक्त पुसलेली आवृत्ती. हे लक्षात आलं तेव्हा रोजकीर्दीतली इनाझुमाची पानं घेऊन बसले आणि हात थांबला. आम्ही जे ‘मूळ’ म्हणून उतरवलं होतं, ते नंतरचं होतं.

मामेभाऊ तेव्हा इनाझुमा संपवून सुमेरूच्या वाळवंटात पोचला होता. त्याला फोन केला, “थांब, एक पाऊल पुढे टाकू नकोस.” तो म्हणाला, “ताई, सगळे मित्र पुढे गेलेत गं.” तरी थांबला. तीन रविवार त्याच्या अकाउंटवर एकेक पान उघडून, वाचून उतरवलं. मग त्याने क्वेस्ट पूर्ण केली आणि त्याच दिवशी, त्याच क्रमाने, तेच सगळं पुन्हा पाहिलं. आता आमच्याकडे एकाच अकाउंटवरच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन्ही आवृत्त्या आहेत, खतावणीत शेजारशेजारच्या रकान्यांत. त्या मुलाचे तीन रविवार या कामात सगळ्यात मोलाचे आहेत, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. कथेत सुमेरूची देवता नहीदा खरी हकिकत रूपककथेत गुंडाळून ठेवते, कारण झाड हकिकत बदलू शकतं, रूपक त्याच्या तावडीतून सुटतं. ते पान उतरवताना मैत्रीण बराच वेळ गप्प होती.

या पात्राचा आणखी एक पेच. नंतर त्याला नवं नाव खेळणारा देतो, प्रत्येकाचं वेगळं. आमच्या तिघांकडे तीन नावं. नोंदीत आम्ही त्याला ‘भटक्या’ म्हणतो आणि कुणी काय नाव दिलं ते अकाउंटच्या पानावर ठेवतो.

भाषेचा प्रश्न याहून गोड निघाला. खेळाच्या सुरुवातीला आपण जुळ्या भावंडांपैकी एक निवडतो, भाऊ किंवा बहीण; तोच आपला ‘प्रवासी’, आणि दुसरं हरवतं. मी बहीण निवडलेली, मामेभावाने भाऊ. मराठीत क्रियापदाला लिंग हवंच. ‘प्रवासी आला’ लिहिलं तर माझी कथा चुकते, ‘आली’ लिहिलं तर त्याची. दोन आठवडे ‘आला/आली’ असं तिरक्या रेघेने लिहून पाहिलं, पण वाचताना दर ओळीला ठेच लागायची. शेवटी तोडगा मैत्रिणीने काढला : प्रवाशाला ‘आपण’ म्हणायचं. ‘आपण गुहेत शिरतो. आपण तिला विचारतो.’ गोष्ट सांगणारा माणूस तसंही असंच बोलतो. आणि हरवलेलं जुळं? त्यासाठी मराठीत ‘भावंड’ आहे, नपुंसकलिंगी, जसं हवं तसं. ‘भावंड भेटलं, पण बरोबर आलं नाही.’ हे वाक्य लिहिलं तेव्हा तिघंही खूश झालो. इतर मराठी नोंदकर्त्यांनी ही सोय जरूर वापरावी.

नावांच्या लेखनावर अजून एकमत नाही. ‘इनाझुमा’ की ‘इनाजुमा’ यावर एक अख्खा रविवार गेला. सध्या पहिलं रूप ठेवून दुसरं शोधसूचीत टाकलंय.

इव्हेंटची, म्हणजे ठरावीक दिवसच चालणाऱ्या कार्यक्रमांची, वही मात्र विरळ आहे, आणि तीच मला सगळ्यात जास्त खुपते. स्कॅरामूश पहिल्यांदा भेटला तो नोव्हेंबर 2020 च्या उल्कांच्या इव्हेंटमध्ये, आणि तो इव्हेंट मुदतीचा होता. नंतर खेळ सुरू केलेल्याला इनाझुमात तो थेट समोर येतो आणि आपण त्याला ओळखत असल्यासारखे बोलतो. मामेभावाने विचारलंच, “हा कधी भेटला आपल्याला?” सोनेरी सफरचंदांची बेटं जून 2021 मध्ये आली आणि मुदत संपताच नकाशावरून गेली. जुलै 2022 मध्ये परतली तेव्हा त्यांचं रूप बदललेलं होतं. मी दोन्ही वेळा खेळले आणि पहिल्या वेळचे माझ्याकडे फक्त चार स्क्रीनशॉट आहेत, चारही सूर्यास्ताचे.

हे फक्त याच खेळात होतं असं नाही. डेस्टिनी 2 ची पहिली मोहीम नोव्हेंबर 2020 मध्ये खेळातूनच काढली गेली. त्याच्या आधीच्या खेळात तर कथेची कार्डं खेळात वाचताच येत नव्हती, ती खेळाबाहेर, संकेतस्थळावर जाऊन वाचावी लागत. पुढे इश्टार कलेक्टिव्ह नावाच्या चाहत्यांच्या संग्रहाने ती एकत्र लावली. फायनल फँटसी 14 ची पहिली आवृत्ती 11 नोव्हेंबर 2012 ला बंद झाली, कथेतही जग कोसळलं, आणि 2013 मध्ये नवं जग आलं. त्या जुन्या जगाचं आज जे पाहायला मिळतं त्यातलं बरंच त्यावेळच्या खेळाडूंनी रेकॉर्ड केलेलं आहे.

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळाची गोष्ट मी माझ्या धंद्याच्या नजरेने वाचते. तिथे कथा खेळाडूच घडवतात. जानेवारी 2014 मधली बी-आर5आरबी या तारकासंस्थेतली लढाई जवळपास 21 तास चालली आणि 75 टायटन (सगळ्यात मोठी) जहाजं नष्ट झाली. ठिणगी कशाची, तर त्या तारकासंस्थेवरच्या ताब्याचा हप्ता भरायचा राहिला! तो का राहिला यावर दोन बाजू दोन गोष्टी सांगत होत्या. अशा ठिकाणी नोंदकर्त्याने निकाल देण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही बाजू नावानिशी लिहाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

लीक झालेला मजकूर आमच्या एकाही वहीत येत नाही. जे खेळात अजून आलंच नाही, त्याची नोंद कसली?

पुढच्या महिन्याचं काम : सुमेरूचं वाळवंट आणि जंगलातल्या अरनारा या छोट्या वनजीवांची लांबलचक क्वेस्ट. तिच्यातली गाणी मैत्रीण भाषांतरित करतेय, पहिला मसुदा पुढच्या नोंदीबरोबर देईन. जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात बैठक नाही, तिघांच्याही घरी पाहुणे असतात.

आणि एक मागणं. तुमच्यापैकी कुणाकडे नोव्हेंबर 2020 च्या उल्कांच्या इव्हेंटमधले स्वतः काढलेले स्क्रीनशॉट असतील, अगदी धूसर असले तरी, तर हवेत. विशेषतः मोना ही ज्योतिषी आपल्याला घेऊन निसटते त्याच्या आधीचं संभाषण. आमच्या वहीत तिथे दीड पान कोरं आहे.