साडेचार हजारावरून जमिनीखाली

आमच्या फ्लाइंग स्कूलच्या सेसना १७२ ला बाहेरच्या शॉपनं नवा मोड एस ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रडारला कळवणारं यंत्र, बसवून दिला. त्याला उंचीचा आकडा पुरवणारा एन्कोडर जुनाच ठेवला होता, हार्नेस म्हणजे तारांचा जुडगा तेवढा नवा. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९०० फुटांवर. जमिनीवर डिस्प्लेही १९०० दाखवत होता. कागद तयार, विमान हवेत.

अर्ध्या तासात ते परत आलं. कॅप्टन उतरले तेच वैतागून. "४५०० वर होतो आणि कंट्रोलर म्हणतो, स्टॉप स्क्वॉक चार्ली, राँग इंडिकेशन; म्हणजे उंची पाठवणं बंद करा, चुकीची दिसतेय. त्याच्या रडारवर आम्ही १००० फुटांवर!" म्हणजे जमिनीच्या ९०० फूट खाली.

हँगरमध्ये लगेच तर्क सुरू. कुणी म्हणालं क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरवर (विमानातल्या उंचीमापकावर) लावायचा त्या वेळचा स्थानिक हवेचा दाब. ट्रान्सपॉन्डर कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरूनच उंची पाठवतो, तेव्हा शंभर-दोनशे फुटांचा फरक समजू शकतो; साडेतीन हजारांचा कसा? दुसऱ्यानं एन्कोडरचा बळी द्यायचं ठरवलं. हे नेहमीचंच, जुनी वस्तू दिसली की गुन्हेगार तीच.

पिटो-स्टॅटिक टेस्टर (हवेचा दाब कमी करून उंचीचा आभास देणारं उपकरण) जोडला, अल्टिमीटर १०१३ वर लावला आणि हळूहळू सक्शन देत विमानाला हँगरमध्येच 'वर' नेलं. २७०० पर्यंत सगळं बरोबर. २८०० ला डिस्प्ले २७०० वरच. ३००० ला २५००. ३५०० ला २०००. आपण चढतोय आणि आकडा उतरतोय! ज्युनिअर वहीत दोन रकाने करून लिहीत होता. तो थांबला आणि म्हणाला, "सर, २८०० पासून प्रत्येक ओळीची बेरीज ५५०० येतेय."

तिथंच उलगडा झाला. हा एन्कोडर उंची समांतर तारांवर, गिलहॅम कोडमध्ये पाठवतो. दर १०० फुटांना एकाच तारेची स्थिती बदलते, एक चालू होते किंवा एक बंद. २७०० वरून २८०० वर जाताना बदलणारी तार म्हणजे ए-४. ती पुढं १०७०० पर्यंत चालूच राहते. ती ट्रान्सपॉन्डरपर्यंत पोचलीच नाही, तर त्याला वरचा कोड खालच्या कोडसारखाच दिसतो, फक्त आरशात पाहावं तसा उलटा. म्हणून ३००० चे २५००, ४५०० चे १०००. एन्कोडर बिचारा बरोबरच सांगत होता. आणि १९०० फुटांवर त्या तारेचं काही कामच नसतं, त्यामुळे जमिनीवरचा चेक कितीही वेळा घेतला असता तरी पासच झाला असता. धावपट्टीवर आकडा जुळला की काम झालं, असं मानणाऱ्या शॉपचा मला म्हणूनच राग येतो. जवळच्या विमानाचा टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारी यंत्रणा, याच आकड्यावर भरवसा ठेवतो.

ट्रान्सपॉन्डरचा ट्रे ओढून मागचा कनेक्टर उघडला. ए-४ ची तार चिमटीत धरून जरा ओढली, तर पिनसकट हातात आली. क्रिंप, म्हणजे तारेवर पिन दाबून केलेला जोड, चांगला होता, पण पिन कनेक्टरच्या घरात 'टक' करून बसलीच नव्हती. ती बसवली, शेजारच्या सगळ्या तारा ओढून पाहिल्या आणि टेस्टर १०००० पर्यंत नेला. अल्टिमीटर आणि डिस्प्ले यांच्यात १२५ फुटांपर्यंतचा फरक चालतो. आमचा कुठंच ५० च्या वर गेला नाही.

दुपारी विमान पुन्हा गेलं. कंट्रोलरची तक्रार आली नाही. कॅप्टननी मात्र उतरल्यावर स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहिलाच: डावा ब्रेक स्पंजी.